खानदेशचा वास्तुवारसा आणि जाहीर व्याख्यानाची परंपरा

नगराचा इतिहास जाहीर व्याख्यानातून सांगण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे १८७९ मध्ये त्यांची बदली धुळ्यास झाली. कालांतराने व्याख्यानमाला हे मराठी नगरजीवनाचे एक अंगच बनले. धुळे व जळगाव येथील वास्तुवारशाविषयी जेव्हा जाहीरपणे बोलले जाते, तेव्हा दोन प्रश्न उपस्थित होतात. अशा व्याख्यानांत कोणत्या वास्तूंना स्थान मिळते? आणि बोललेले टिकते कसे? या प्रश्नांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

धुळे नगराची आजची घडण बऱ्याच अंशी १८१९ नंतरची आहे. मराठी सत्तेच्या अस्तानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठच्या या गावी जिल्ह्याचे ठाणे नेले. दूरदूरचे कारागीर आणविले, व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा दिल्या, बांधकामास आगाऊ रकमा दिल्या. जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही त्या आखणीची आठवण देतात. १८७२ च्या पुराने या नगराचे मोठे नुकसान केले. आखणी करणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. परंतु दगड घडविणारे हात कोणाचे होते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले. त्यानंतर भास्कर वामन भट प्रभृतींनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदपत्रांना आश्रय मिळाला. कागद जपल्याशिवाय इतिहास बोलता येत नाही, हा धडा या नगराने महाराष्ट्राला दिला आहे.

बोललेला शब्द लिहून ठेवल्यास काय घडते, याचे उदाहरणही धुळ्याचेच आहे. १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या काळात विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणूनच ती ‘गीता प्रवचने’ या ग्रंथरूपाने उरली. तुरुंगाच्या भिंती या व्याख्यानांमुळे स्मरणीय झाल्या. लेखणी हाती असलेला एक श्रोता तेथे नसता, तर त्या केवळ भिंतीच राहिल्या असत्या.

धुळ्याजवळच लळिंग किल्ल्याच्या परिसरात लांडोर बंगला आहे. न्यायालयीन कामानिमित्त आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ३१ जुलै १९३७ रोजी तेथे वास्तव्य झाले. शिल्पदृष्ट्या पाहिले तर ही वास्तू साधी आहे. वास्तुवैभवाच्या यादीत तिला वरचे स्थान मिळणार नाही. परंतु दरवर्षी ३१ जुलै रोजी जनसमुदाय तेथे जमतो, आणि त्या जमण्यानेच ती वास्तू वारसा ठरली आहे. येथे स्मृती ग्रंथाने नव्हे, लोकांच्या पावलांनी राखली आहे. वारशाची व्याख्या केवळ कोरीव दगडावर बेतता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आता अधिक प्राचीन काळाकडे वळू. चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळा रांगेत, खानदेशच्या मैदानाकडे पाहणारी पितळखोरे लेणी आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या शतकांत झाला. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांनी तेथील ढिगारे उपसले, तेव्हा एक यक्षमूर्ती हाती आली. तिच्यावर ती घडविणाऱ्या कान्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. प्रतिष्ठानच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातील मितदेव, राजवैद्य मगिल, अशी दात्यांची नावेही तेथील लेखांत आढळतात. भिक्खुसंघाचे हे निवासस्थान राजाच्या एकट्याच्या औदार्याने उभे राहिले नाही. कारागीर, व्यापारी आणि वैद्य यांच्या दानाचाही त्यात वाटा होता, आणि त्यांची नावे दगडाने जपली.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. त्यातील मराठी भागात बाजारातील व्यवहारांवरील वाटा आणि तेलघाण्यांमागे द्यावयाचे तेल यांची नोंद आहे. ज्योतिषाचे अध्ययन तेल्याच्या पळीवर चालत होते. धर्म वेगळा, काळ वेगळा. तरी विद्येचा भार श्रमिकांच्या खांद्यावर होता, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच.

जळगावच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. लोहमार्ग आणि कापूस यांनी या गावास नगर बनविले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापडगिरणी उभी राहिली. ती गिरणी आता राहिलेली नाही. तिच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उजाडत असे, त्या पिढीच्या आठवणी लिहून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.

बौद्ध परंपरेत सुत्तांचा आरंभ ऐकल्याच्या साक्षीने होतो, आणि उपदेश कोणत्या नगरी, कोणत्या वनात झाला हेही प्रथम सांगितले जाते. वचन, श्रोता आणि स्थळ ही तिन्ही एकत्र बांधली गेली, म्हणून ते वचन शतकानुशतके टिकले. आमच्या मते नगरांच्या इतिहासावरील व्याख्यानांनीही हाच मार्ग धरावा. व्याख्यान शक्य तेथे त्या वास्तूसमोरच व्हावे. ते अहिराणी बोलणाऱ्या श्रोत्यास परके वाटू नये. श्रोत्यांपैकी एकाने ते उतरून घ्यावे व त्याची प्रत ग्रंथालयात ठेवावी. आणि वाड्याच्या मालकाबरोबर गवंड्याची, पाथरवटाची, गिरणी कामगाराची वस्तीही त्यात यावी.

वाडे पडतात, गिरण्या जातात. त्यांना थोपविणे प्रत्येक वेळी शक्य होत नाही. परंतु कान्हदासाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ते कोणीतरी कोरले म्हणून. आपल्या नगरातील कान्हदासांची नावे कोरणे अजून आपल्याच हाती आहे.