क्लाड्नी आकृती

कंप पावणाऱ्या पत्र्यावर बारीक वाळू भुरभुरविली असता ती ज्या रेषांवर गोळा होते, त्या रेषांनी बनणाऱ्या आकृती. पडलेली परात दणदणते व तिच्यावर तळहात टेकताच आवाज बसतो, हा अनुभव सर्वांचा आहे. परंतु पत्रा नेमका कसा हालतो, हे डोळ्यांना दिसत नाही. ते या आकृतींमुळे दिसू लागले.

पितळी पत्रा पटाशीने खरवडताना शीळ उमटते व पत्र्यावर समांतर रेघा पडतात, असे गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये नोंदविले होते. रॉबर्ट हुक यांनी १६८० मध्ये पीठ पसरलेल्या काचेवर असाच प्रयोग केला. तथापि पद्धतशीर अभ्यास एर्न्स्ट क्लाड्नी (१७५६–१८२७) यांचाच. वडिलांच्या आग्रहाने ते कायदा शिकले. वडिलांच्या मृत्यूनंतर विज्ञानाकडे वळले. पत्रा एका जागी पकडून त्याच्या कडेवर ते व्हायोलिनचा गज ओढीत. पत्र्याचे लगतचे भाग एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांनी हालतात. त्यांच्या सीमेवरील रेषा मात्र स्थिर राहते व उडालेली वाळू तेथे विसावते. स्वर चढा, तितकी आकृती गुंतागुंतीची. हे संशोधन १७८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

नेपोलियन यांनी १८०९ मध्ये हे प्रयोग पाहिले आणि त्यांच्या गणिती उपपत्तीसाठी पॅरिसच्या विज्ञानसंस्थेने पारितोषिक जाहीर केले. प्रश्न इतका अवघड मानला गेला, की १८११ मध्ये एकच निबंध आला. तो सोफी झेर्मेन यांचा होता. स्त्री म्हणून त्यांना उच्च शिक्षणसंस्थांची दारे बंद होती. गणित त्या घरीच शिकल्या होत्या. पहिला निबंध सदोष ठरला, परंतु त्यातील समीकरण लाग्रांझ यांनी दुरुस्त केले. तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ मध्ये, पारितोषिक त्यांना मिळाले. समारंभास मात्र त्या गेल्या नाहीत. त्यांची उपपत्तीही निर्दोष नव्हती. पत्र्याच्या मोकळ्या कडेला लागू पडणाऱ्या अटी किर्खोफ यांनी १८५० मध्ये बिनचूक मांडल्या.

अतिशय बारीक भुकटी वाळूच्या उलट, सर्वाधिक हालणाऱ्या जागी का जमते, याचे कोडे राहिले होते. पत्र्यालगत निर्माण होणारे हवेचे प्रवाह तिला तेथे नेतात, हे फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखविले.

भारतात सी. व्ही. रामन यांनी मृदंग व तबला यांच्या पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर सुसंवादी होतात, हे १९२० मध्ये दाखविले आणि १९३४ च्या निबंधात त्याच पुडीवर उमटविलेल्या वाळूच्या आकृती दिल्या.