एकच शहर, दोन संकटं : न्यूयॉर्कच्या उद्यानांचा पैसा

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिलं गृहीतक बहुतेक वेळा अगदी सरळ असतं. उदाहरणार्थ : आर्थिक संकट आलं की शहरं उद्यानांवरचा खर्च कमी करतात. वाचायला बरोबर वाटतं, शंका घ्यावीशीही वाटत नाही. आज हे गृहीतक न्यूयॉर्कवर दोनदा लावून बघू : एकदा १९३० च्या दशकातल्या महामंदीत आणि एकदा १९७५ मध्ये. शहर तेच, उद्यानंही बरीचशी तीच. निकाल मात्र उलटे येतात. असं का झालं, हे शोधताना मूळ प्रश्नच बदलावा लागतो.

पहिलं संकट : १९३४

जानेवारी १९३४ मध्ये नवे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी रॉबर्ट मोझेस यांना उद्यान आयुक्त नेमलं. तोपर्यंत शहराच्या पाच भागांचा उद्यान कारभार वेगवेगळा चालायचा, तो एका हाताखाली आला. मंदीमुळे शहराची तिजोरी कोरडी होती. पण रुझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी केंद्राचा पैसा सोडला होता. आधी सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन आणि १९३५ पासून वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन अशा योजनांमधून मजुरी दिली जात होती. मोझेस यांनी आराखडे तयार ठेवले, त्यामुळे माणसं मिळाली की काम सुरू व्हायचं.

आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळातली कामं आठवा. संकट होतं म्हणूनच लोकांच्या हाताला काम द्यायला रस्ते आणि पाझर तलाव झाले. तसंच इथे झालं. १९३४ मध्येच सेंट्रल पार्कमधलं प्राणिसंग्रहालय नव्याने बांधलं गेलं. १९३६ च्या एका उन्हाळ्यात शहरात ११ मोठे सार्वजनिक जलतरण तलाव उघडले. मोझेस आले तेव्हा शहरात मुलांसाठीची ११९ क्रीडांगणं होती, १९६० पर्यंत ती ७७७ झाली. म्हणजे ज्या काळात खर्च कमी व्हायला हवा होता, त्याच काळात उद्यानं वाढली. आपलं गृहीतक इथे पडलं.

दुसरं संकट : १९७५

१९७५ च्या वसंतात न्यूयॉर्कचे कर्जरोखे घ्यायला बाजारात कोणी तयार होईना. शहरावर सुमारे ६ अब्ज डॉलरचं अल्पमुदतीचं कर्ज होतं. कारणं अनेक : कारखान्यांमधल्या नोकऱ्या कमी झाल्या होत्या, मध्यमवर्ग उपनगरांत गेला होता, देशभर मंदी होती. जून १९७५ मध्ये राज्याने म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन स्थापन केलं आणि सप्टेंबरमध्ये शहराच्या बजेटवर देखरेख करणारं आपत्कालीन मंडळ आणलं. १ जुलैला सुमारे ५,००० पोलिसांना कामावरून कमी केलं गेलं. पोलिसांची ही गत, तर माळ्यांचं काय झालं असेल?

केंद्राची भूमिका नीट बघा. ३० ऑक्टोबर १९७५ च्या 'डेली न्यूज'चा मथळा प्रसिद्ध आहे : राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी शहराला 'मरा' असं सांगितल्याचा. फोर्ड हे शब्द बोललेच नव्हते. आदल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी शहराला वाचवणाऱ्या कायद्यावर नकाराधिकार वापरू, असं म्हटलं होतं. मथळा हा मूळ स्रोत नसतो, हे लक्षात ठेवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. महिन्याभरात फोर्ड यांची भूमिका बदलली आणि वर्षाला २.३ अब्ज डॉलरपर्यंतचं हंगामी कर्ज मंजूर झालं. पण हे कर्ज होतं, व्याजासकट परत करायचं. १९३४ मध्ये केंद्राने मजुरी दिली होती, १९७५ मध्ये उसने पैसे दिले. मोठा फरक इथे आहे.

भांडवली की महसुली?

दुसरा फरक पैशाच्या प्रकारात आहे. कुठल्याही महापालिकेच्या बजेटमध्ये दोन पिशव्या असतात. भांडवली खर्च म्हणजे नवीन बांधकाम : तलाव, कारंजं, भिंत. महसुली खर्च म्हणजे रोजचं : पगार, पाणी, गवत कापणं, नळ दुरुस्त करणं. भांडवली कामासाठी कर्ज काढता येतं, कारण वास्तू पुढची कित्येक वर्षं वापरात राहते. माळ्याचा पगार कर्जातून द्यायला लागलात तर अडचण येणारच. न्यूयॉर्क संकटापूर्वी नेमकं हेच करत होतं, रोजच्या खर्चाचा काही भाग भांडवली बजेटमध्ये दाखवला जात होता. संकटानंतर ही सोय बंद करावी लागली.

मंदीच्या काळातला पैसा मुख्यतः पहिल्या पिशवीतला होता. त्यातून बांधलेल्या प्रत्येक तलावाने आणि क्रीडांगणाने दुसऱ्या पिशवीवर कायमचा भार टाकला. १९७५ मध्ये ती दुसरी पिशवी रिकामी झाली. म्हणून ही दोन संकटं सुटी सुटी मोजता येत नाहीत, पहिल्याचं यश हे दुसऱ्याच्या ओझ्याचा भाग आहे.

एका हिरवळीची गोष्ट

सेंट्रल पार्कमध्ये 'शीप मेडो' नावाची मोठी हिरवळ आहे. १९३४ पर्यंत तिथे खरोखर मेंढ्या चरायच्या. मोझेस यांनी त्या ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कला पाठवल्या आणि मेंढवाड्याचं रेस्टॉरंट केलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी याच हिरवळीवर गवत जवळजवळ उरलं नव्हतं, नुसती धूळ होती. १९७९ मध्ये ती बंद करून नवीन गवत लावावं लागलं.

"बघा, १९७५ च्या कपातीचा परिणाम!" असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. थांबा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच हिरवळीवर प्रचंड गर्दीचे मेळावे आणि मैफली झाल्या होत्या. म्हणजे झीज आधीपासून सुरू होती. कपातीमुळे ती भरून काढायला माणसं उरली नाहीत. विज्ञानातून इतिहासाकडे आलेल्यांना ही भाषा ओळखीची वाटेल : दोन कारणं एकत्र काम करताहेत आणि परिणाम उशिरा दिसतो. देखभाल थांबली की उद्यान दुसऱ्या दिवशी मोडत नाही, हळूहळू मोडतं. म्हणूनच कपात करणाऱ्याला ती सोपी वाटते. फक्त १९७६ चा डेटा पाहिलात तर कपातीने फारसं काही बिघडलं नाही, असा निष्कर्ष निघू शकतो.

कोणाचं उद्यान वाचलं?

१९७९ मध्ये एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांना सेंट्रल पार्कच्या प्रशासक नेमण्यात आलं. १९८० मध्ये सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही खासगी देणग्यांवर चालणारी संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये उद्यानाचे ४९ भाग करून प्रत्येक भाग एकेका माळ्याच्या जबाबदारीवर दिला गेला. १९९८ मध्ये शहराने कॉन्झर्व्हन्सीशी देखभालीचा रीतसर करार केला. उद्यान सावरलं, यात वाद नाही. पुस्तकांत आणि अहवालांत यशोगाथा म्हणून येतं ते हेच.

आता ब्रुकलिनमधल्या मॅकॅरन पार्कचा तलाव घ्या. १९३६ च्या त्या ११ तलावांपैकी हा एक, एका वेळी ६,८०० जण पोहू शकतील एवढा. १९८४ मध्ये तो बंद झाला. दुरुस्तीचा बेत होता, पण स्थानिक विरोधामुळे तो थांबला. म्हणजे इथेही 'पैसा नव्हता' एवढंच कारण पुरत नाही. तलाव पुन्हा उघडला थेट २०१२ मध्ये, सुमारे ५ कोटी डॉलरच्या सार्वजनिक खर्चाने. त्याच वर्षी जॉन पॉलसन या गुंतवणूकदाराने सेंट्रल पार्कला एकट्याने १० कोटी डॉलरची देणगी दिली.

सेंट्रल पार्कच्या शेजारी देशातली काही सर्वांत श्रीमंत कुटुंबं राहतात. बहुतेक उद्यानांना असा शेजार नसतो. फक्त सेंट्रल पार्कचा अभ्यास करून 'खासगी मदतीने उद्यानं वाचतात' असं म्हणणं म्हणजे पास झालेल्या मुलांनाच विचारून परीक्षा सोपी होती असं ठरवणं. शिवाय या संस्थेकडे अहवाल आहेत, छायाचित्रं आहेत, लिहिणारी माणसं आहेत. ज्या छोट्या बागेला कोणी वाली नव्हता, तिचं दफ्तरही पातळ असतं. दफ्तर पातळ आहे म्हणून तिचं उदाहरण सोडून द्यायचं नसतं.

तुमच्या प्रस्तावासाठी

तर 'संकटात निधी कमी होतो का?' हा प्रश्न सोडा. त्याऐवजी तीन विचारा. पैसा कोणाचा होता : शहराचा, केंद्राचा की देणगीदाराचा? तो बांधायला होता की सांभाळायला? आणि परिणाम किती वर्षांनी, कोणत्या वस्तीत दिसला?

हे करून बघायला न्यूयॉर्कलाच जायला हवं असं नाही. तुमच्या महापालिकेच्या दहा वर्षांच्या अर्थसंकल्पात उद्यान विभागाची पानं काढा आणि भांडवली व महसुली आकडे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. नुसती तरतूद नको, प्रत्यक्ष खर्चही घ्या, दोन्हींत बरंच अंतर असू शकतं. मग त्यातलं एखादं उद्यान निवडून तिथल्या माळ्याशी बोला. किती जण होते, आता किती आहेत, नळ बिघडला की कोणाला सांगावं लागतं? प्रस्तावाचं पहिलं प्रकरण बहुधा त्या गप्पांतूनच सुरू होईल.