कोस्टा रिकातील ‘चोरेआदोर’ : निर्यातीच्या इतिहासाबाहेरचे एक साधन

कोस्टा रिकाच्या कॉफीचा इतिहास बहुधा निर्यातीच्या अंगानेच लिहिला गेला आहे. मध्य खोऱ्यातून बैलगाड्यांनी पुंतारेनास बंदरात येणारी कॉफी कप्तान विल्यम ल लाशर याने १८४३ मध्ये लंडनला नेली, हे सर्वज्ञात आहे. तेथील स्वयंपाकघर मात्र उपेक्षित राहिले. वस्तुतः ‘चोरेआदोर’ हे घरगुती साधन तितकेच अभ्यसनीय होय. लाकडी चौकटीत अडकवलेल्या सुती पिशवीत पूड घालून वरून उकळते पाणी संथपणे ओततात. अर्क खालच्या भांड्यात उतरतो. कागदापेक्षा कापडातून तेलांश अधिक उतरत असल्याने चव भरीव लागते. जर्मनीतील मेलिटा बेंट्झ यांच्या कागदी गाळणीला १९०८ हे निश्चित साल तरी लाभले. येथे काळवंडलेली पिशवी टाकून नवी लावली जाते. साहजिकच संशोधकाच्या हाती लागते ती बहुधा रिकामी चौकट.