गाढी : गोड्या आणि खाऱ्या पाण्यामधली माणसं



पनवेलचा इतिहास सांगायला घेतला की आपण बहुधा रस्त्यापासून सुरुवात करतो. मुंबईहून होडीनं यायचं, पनवेलच्या बंदरात उतरायचं, बोरघाट चढायचा आणि पुण्याला जायचं. १७७८च्या अखेरीस पुण्यावर चालून गेलेली इंग्रजांची फौज पनवेलच्याच बाजूनं घाटाकडे गेली, आणि पुढच्या जानेवारीत वडगावला तिची काय गत झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग १८५२ची नगरपालिका येते, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके येतात. हे सगळं सांगावंच. पण यात एक गोष्ट राहून जाते. बंदर होतं ते कशावर? खाडीवर. आणि त्या खाडीत जी नदी येऊन मिळते, तिचं नाव गाढी. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

नदी म्हणजे गोदावरी, कृष्णा असं काही डोळ्यांसमोर आणू नका. गाढी लहान आहे. माथेरानच्या डोंगराच्या पश्चिम उतारावरचं पाणी ती गोळा करते. पायथ्याला धोधाणी, मालडुंगे ही गावं. मग वाजे, नेरे, विचुंबे, देवद, आणि पनवेल. धोधाणीपासून पनवेल वीसेक किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत चालत खाडीवर पोचेल. पण एवढ्याशा अंतरात नदीची दोन रूपं होतात. वर गोडं पाणी, खाली खारं. आणि मधे एक पट्टा, जिथे पाणी कधी गोडं तर कधी खारं. तो पट्टा एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात गोडं पाणी जोर करतं आणि खाऱ्याला खाली ढकलतं. उन्हाळ्यात वरून धार उरत नाही, मग भरतीचं पाणी वर सरकतं. माझं म्हणणं असं, की गाढीकाठची माणसं जातीनं आणि धर्मानं तर वेगळी होतीच, पण त्यांची कामं या दोन पाण्यांनी वाटून दिली होती.

वरून सुरुवात करू. डोंगरउतारावर ठाकूर आणि कातकरी. माथेरान इंग्रजांना सापडलं १८५० साली, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढला तेव्हा. पण धोधाणीकडच्या ठाकरांना तो डोंगर कुणी शोधून द्यायची गरज नव्हती. पुढे माथेरानला बंगले झाले, हॉटेलं झाली, आणि याच वाटेनं भाजी, दूध डोक्यावरून वर जायला लागलं. कातकऱ्यांचं नावच कातावरून आलं. खैराचं लाकूड उकळून कात काढायचा, कोळसा पाडायचा, डोंगरउतारावर दळीची नाचणी-वरी करायची. १८७८च्या जंगल कायद्यानंतर हे सगळं परवानगीचं झालं. हळूहळू कातकरी वीटभट्टीवर गेला. नदीतले मासे आणि खेकडे मात्र त्याच्या ताटात राहिले, कारण त्यासाठी कुणाचा परवाना लागत नव्हता.

थोडं खाली आलं की भातशेती. आणि मग आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. पण आगरी माणसाचं खरं कसब मिठापेक्षाही मोठं आहे, असं मला वाटतं. खाडीकाठची खाजणं, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी चिखलाची जमीन, त्यानं शेतीखाली आणली. कशी आणली? खाडीच्या अंगाला मातीचा बांध घालायचा. या बाहेरच्या बांधाला आपल्याकडे बाहेरकाठा म्हणतात. बांधात जागोजाग लाकडी झडप ठेवायची. ती उघाडी. भरती चढली की खाऱ्या पाण्याच्या दाबानं झडप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्यानं ती उघडते आणि पाणी बाहेर पडतं. दोन-तीन पावसाळे गेले की जमिनीतला खार धुपून जातो आणि भात उभं राहतं.

ऐकायला सोपं आहे. पण बांधाला खेकडे भोकं पाडतात. उधाणाला एका ठिकाणी खांड पडलं की एका रात्रीत सगळ्या गावाची शेतं खारी, आणि पुढची काही वर्षं पीक नाही. म्हणून बांध राखायचं काम एकट्याचं नसायचं. उन्हाळ्यात सगळी मिळून माती टाकायची, उघाडीतला गाळ काढायचा. या जमिनींना शिलोत्री जमिनी म्हणत, आणि बांधाच्या डागडुजीचा भार जमिनीबरोबरच यायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या खारजमीन कायद्यानं सरकारनं यात हात घातला. ही उघाडी लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आणखी खाली कोळीवाडा. खाडीत पाग टाकायचा, होडी घालायची. कोळंबी, बोय, चिंबोरी, निवट्या, आणि नशीब असेल तर जिताडा. यांचं पंचांग भरती-ओहोटीचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, त्यावर जाळं कधी लावायचं ते ठरणार.

मग बंदर. इथे कोकणी मुसलमान व्यापारी, गुजराती-मारवाडी पेढ्या, ब्राह्मणांचे वाडे आणि बेने इस्रायली. बेने इस्रायली म्हणजे आपले शनवार तेली. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९चं. पनवेलच्या नगरपालिकेपेक्षा तीन वर्षांनी जुनं! आणि गंमत बघा, शहर नदीकाठी, पण नदीचं पाणी प्यायचं नाही, कारण तिथवर भरती पोचायची. म्हणून पनवेलला तळी. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, आणि इस्रायल तळं. एका लहान गावात एवढी तळी का, याचं उत्तर खाऱ्या पाण्यात आहे.

हे सगळे गुण्यागोविंदानं राहायचे असं मी म्हणत नाही. आगऱ्याला सावकार होता, कातकऱ्याला तर जमीनच नव्हती, आणि विहिरीवर सगळ्यांना सारखा प्रवेश नव्हता. पण नदीचं काय चाललंय हे प्रत्येकाला कळणं भाग होतं. एक उदाहरण देतो. वलगण. पहिला मोठा पाऊस झाला की गाभोळीनं भरलेले मासे उलट्या धारेनं चढतात, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात येतात. त्या रात्री कातकरी, आगरी, कुणबी, सगळे कंदील आणि बॅटऱ्या घेऊन पाण्यात. मासा खालून वर जातो, म्हणजे वाट मोकळी आहे. वलगण आली नाही, तर कुठेतरी काहीतरी अडलंय. नदीची तपासणी करायला वेगळा अधिकारी लागत नव्हता.

आता हे कसं सुटत गेलं ते बघू. पहिला धक्का नदीला नव्हे, बंदराला बसला. १८३०मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता झाला तेव्हा पनवेलची भरभराट झाली. घाटावरचा कापूस बैलगाडीनं यायचा, आणि परत जाताना गाडीवान पनवेलची चाकं घेऊन जायचे. चाकं बनवण्यासाठी पनवेलचं नाव होतं, १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. पण १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि माल परस्पर मुंबईला जाऊ लागला. पनवेलला स्वतःची रेल्वे यायला १९६०चं दशक उजाडलं. शंभर वर्षांत गावाची पाठ खाडीकडे झाली.

दुसरी गोष्ट पाण्याची. नगरपालिकेनं गाढीवर वर देहरंगला धरण बांधलं. तळ्यांऐवजी नळ आला, आणि ते बरंच झालं. पण शहर वाढलं आणि ते पाणी उन्हाळ्यात पुरेनासं झालं. मग आधार शेजारच्या पाताळगंगेचा. ती बारमाही वाहते, कारण १९१५पासून टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून घाटावरच्या धरणांचं पाणी तिच्यात पडतं. म्हणजे आज आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं काही मूळचं घाटापलीकडचं आहे. आपलं पाणी गाढीवर अवलंबून राहिलं नाही, तसं गाढीचं काय होतंय हे आपल्याला कळेनासं झालं.

तिसरी गोष्ट जमिनीची. १९७०मध्ये सिडको झाली. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. त्यात शेती होती, मिठागरं होती, आणि ते बाहेरकाठेही होते. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. तो लढा जमिनीच्या मोबदल्याचा होता, तो न्याय्यच होता. पण बांध राखायच्या ज्ञानाचा मोबदला कोण देणार?

आता उघाडीकडे येऊ. नवी मुंबई बरीचशी भरतीच्या पातळीच्या आसपासची. म्हणून सिडकोनं धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी त्यात जमतं, तोंडाशी झडपा, भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. ऐकल्यासारखं वाटतंय ना? ही उघाडीच आहे, फक्त काँक्रीटची. फरक एवढाच, की उन्हाळ्यात गाळ काढायला गाव जमत नाही. तलावांत गाळ साचला, त्यावर तिवरं उगवली. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. त्यामुळे आता गाळ काढायचा तर कोर्टाची परवानगी लागते. झडप तीच आहे. ती आपली म्हणणारं कुणी उरलं नाही.

२६ जुलै २००५ला हे सगळ्यांना दिसलं. डोंगरातून लोंढा, समोर भरती. पनवेलमध्ये पाणी शिरलं, दीडशे वर्षांच्या त्या सिनेगॉगमध्येही शिरलं.

हे फक्त आपलंच नाही. याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर, टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरात म्सिम्बाझी नावाची अशीच लहान नदी आहे. पुगूच्या टेकड्यांतून निघते, शहरातून जाते, मुखाशी तिवरं. डिसेंबर २०११च्या पुरात तिच्या काठची वस्ती बुडाली आणि माणसांना शहराबाहेर माब्वेपांडेला हलवलं गेलं. लहान नदी लक्षात राहत नाही, पूर आला की काठचा माणूस अतिक्रमण करणारा ठरतो. तिथेही आणि इथेही.

आणि शेवटी विमानतळ. दहा गावं उठली, उलवे नदी वळवली गेली, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालं. मूळ आराखड्यात गाढीही वळवायची होती. २०१०च्या पर्यावरण मंजुरीच्या वेळी ते रद्द झालं. म्हणजे गाढी आज तिच्या जागी वाहते, हा निसर्गाचा प्रताप नाही. कुणीतरी कागदावर हट्ट धरला म्हणून ती वाहते.

इतिहासाच्या व्याख्यानात उपाय सांगू नयेत, पण एक मागणी करता येते. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपण घर घेताना स्टेशन किती लांब ते विचारतो, ही रेषा कुठून जाते ते विचारत नाही. ते विचारा. आणि कोळीवाड्यात, विचुंब्यात, मालडुंग्याच्या वाडीवर जी सत्तरीची माणसं आहेत, त्यांना एकच प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवा : तुमच्या लहानपणी वलगण कुठपर्यंत चढायची? पंधरावीस जागांची नावं मिळाली तरी गाढीचा जुना नकाशा हातात येईल. तो कुठल्याही कचेरीत मिळणार नाही.

मी इथे थांबतो. ज्यांच्या घरी अशा आठवणी असतील, त्यांनी प्रश्नोत्तरांत आधी बोलावं, ही विनंती.