विनोदी चित्रपटाच्या वाटेने मंडईपर्यंत

रोम शहरात टायबर नदीपासून जवळच सांता मारिया इन कोस्मेदिन नावाचे एक प्राचीन ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या ओसरीत एक मोठा वर्तुळाकार दगडी मुखवटा भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. खोटे बोलणाऱ्याने त्याच्या तोंडात हात घातला तर हात तुटतो, अशी जुनी आख्यायिका. १९५३ साली आलेल्या 'रोमन हॉलिडे' या चित्रपटात ग्रेगरी पेक आणि ऑड्री हेपबर्न यांनी या मुखवट्यासमोर एक खट्याळ प्रसंग रंगवला, आणि तेव्हापासून त्या ओसरीत हात घालून पाहणाऱ्यांची रांग लागते. त्याच मंदिरात संत व्हॅलेंटाइन यांचा म्हणून मानला जाणारा मस्तकाचा अवशेषही जतन केलेला आहे. रांगेतील किती जण तो पाहायला आत जातात, हा प्रश्नच आहे.

ही हकीकत आम्ही आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींना सांगितली, ती चूकच झाली म्हणायची. "मग पुण्यातल्या अशा जागा का पाहू नयेत?" असा आग्रह सुरू झाला. त्यांच्या डोळ्यांसमोर होता सतीश राजवाडे यांचा २०१० सालचा 'मुंबई-पुणे-मुंबई'. मुंबईची मुलगी स्थळ नाकारण्यासाठी पुण्यास येते आणि एका पुणेकर मुलाबरोबर शहरभर फिरत दिवस काढते. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या त्या जोडीला चित्रपटात नावेसुद्धा नाहीत. आम्ही होकार दिला, पण एक अट घातली. प्रथम मंडई पाहायची. मराठी पडद्यावरच्या प्रेमाच्या विनोदाचा एक धागा तेथे बांधलेला आहे, असे आम्ही म्हटले, तेव्हा मंडळींनी एकमेकांकडे पाहिले.

रविवारच्या मिस्सानंतर नाना पेठेतील सिटी चर्चमधून आम्ही निघालो. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी दिलेल्या जागेवरचे हे मंदिर. लक्ष्मी रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेले की डाव्या हाताच्या गल्ल्यांतून मंडईचा अष्टकोनी मनोरा डोकावू लागतो. पेठांमधून आमचे पूर्वजही याच बाजाराला येत असणार. मात्र त्यांच्या काळी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे.

तो बाजार छताखाली आणावा म्हणून ही दगडी इमारत १८८२ ते १८८६ या काळात बांधली गेली. आराखडा वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे आणि नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. नगरपालिकेने तिच्यावर एवढा पैसा ओतण्यास एका सभासदाने विरोध केला होता. हे सभासद म्हणजे जोतीराव फुले. फुलांचा व्यवसाय करणाऱ्या घरात जन्मलेले आणि स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेत होते. बाजाराच्या भव्य इमारतीपेक्षा तोच पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. ते कोणी ऐकले नाही. आणि आज त्याच इमारतीवर त्यांचेच नाव आहे.

हे नाव दिले आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांनी. १९३८ साली ते पुणे नगरपालिकेवर निवडून आले आणि त्या कारकिर्दीत 'रे मार्केट'ची 'महात्मा फुले मंडई' झाली. भांबुर्ड्याचे शिवाजीनगर होण्याचे श्रेयही त्यांनाच देतात. विरोधकाचेच नाव त्या वास्तूला देताना अत्र्यांना त्यातला विनोद दिसला नसेल, असे आम्हांला वाटत नाही. पुढे १९५४ साली त्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपटही काढला.

आता धागा पाहा. ज्या १९३८ साली अत्रे नगरपालिकेत गेले, त्याच साली त्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' पडद्यावर आला. दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक, नायिका मीनाक्षी शिरोडकर, निर्मिती हंस पिक्चर्सची. औदुंबर नावाचा तरुण एक जळजळीत व्याख्यान ऐकून येतो, भिंतीवरची नटींची चित्रे फेकून देतो, व्यायामाची साधने आणतो आणि आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन आश्रमात दाखल होतो. तेथे किशोरी येते, आणि पुढचे सांगावयास नकोच. मीनाक्षीबाईंनी पोहण्याच्या पोशाखात केलेल्या दृश्याने तेव्हा केवढी खळबळ उडाली, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. अर्थात आवाज खाली आणून.

येथे एका मुलीने विचारले, "आपले फादर, सिस्टर ब्रह्मचर्याचे व्रत घेतात. मग हा चित्रपट आपली थट्टा करतो का?" प्रश्न रास्त होता. आमचे मत असे, की औदुंबराला कोणी पाचारण केलेले नाही. त्याला केवळ टाळ्या ऐकू आल्या आहेत. आपल्या गुरुविद्यालयात व्रताआधी वर्षानुवर्षे पारख होते, ती याच भुलीपासून वाचण्यासाठी. चित्रपट व्रताला नव्हे, तर एका व्याख्यानाच्या भरात घेतलेल्या व्रताला हसतो. मुलीचे पूर्ण समाधान झाले नाही, हेही नमूद करतो.

चित्रीकरणाच्या जागा मात्र येथे दाखवता येत नव्हत्या, कारण हंस पिक्चर्सचे बिऱ्हाड कोल्हापुरात. मंडईत आम्ही दाखवणार होतो ती चित्रपट पाहण्याची जागा. मंडईच्या शेजारीच १९१५ साली गंगाधरपंत पाठक यांनी 'आर्यन' सुरू केले. पुण्याचे पहिले कायमचे चित्रपटगृह ते हेच. ७ फेब्रुवारी १९२० रोजी बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' येथेच झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटले. ज्या लोकमान्यांचा पुतळा १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते मंडईत उभा राहिला, ते या गल्लीत प्रेक्षक म्हणूनही येऊन गेले होते.

'आर्यन' १९८३ साली बंद पडले आणि पाडले गेले. तेथे आता वाहने ठेवतात. जवळच्या 'मिनर्व्हा'चेही तेच झाले. लोक अजून "आर्यनला गाडी लावली" असे म्हणतात. नाव उरले आहे, पडदा गेला. एका मुलाने विचारले, "पण पाहायचे काय?" आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. रोममध्ये दगड तरी आहे. येथे पावती फाडणारा माणूस होता आणि तो आम्हांला गाडी कोठे आहे असे विचारत होता.

परतताना बोलणे आपल्या लोकांच्या चित्रपटांवर आले. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस म्हणजे बाटली हातात घेतलेला, मोडके हिंदी बोलणारा, ही आपल्या घराघरांतील जुनी खंत. तिला चांगला अपवाद १९७९ सालचा बासू चटर्जींचा 'बातों बातों में'. वांद्र्याहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये टोनी ब्रगांझा नॅन्सी परेराचे चित्र काढतो, तिची आई लग्नाची घाई करते, भाऊ व्हायोलिन वाजवतो. अमोल पालेकर आणि टीना मुनीम यांची ही माणसे नोकरी करतात, डबा नेतात, लग्नाला घाबरतात. म्हणजे आपल्यासारखीच. पुढची सहल वांद्र्याला, असे तेथेच ठरले.

मंडईतून निघण्यापूर्वी कोणी पेरू घेतले, कोणी मेथी. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो येथे थांबते, तिने जावे असा काहींचा विचार होता. पण भाजीवाल्या मावशींनी आमची चर्चा ऐकली होती. "आर्यन शोधताय होय?" त्या म्हणाल्या, "माझी आई सांगायची, तिकडची गर्दी सुटली की आमची मिरची संपायची." मंडळी मेट्रो विसरून त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.