खडूची रेघ आणि दोन पीएसआय

ऑटोक्रॉसमध्ये शंकू मांडून आखलेल्या नागमोडी वाटेवर एकेक गाडी घड्याळाशी झुंजते. फेरीआधी टायरच्या कडेवर खडूची आडवी रेघ ओढतात. गाडी परतली की ती रेघ बघायची. कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खालचा खडू पुसला गेला असेल, तर टायर वळणावर लोळतोय, हवा वाढवायची. खडू खुणेपर्यंतही पुसला नसेल, तर थोडी सोडायची.

हवेचा टायर आला तो मात्र धक्के कमी करायला. रॉबर्ट थॉमसनने १८४५मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण कल्पना विस्मरणात गेली. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा घडवली. हवेने गाडीचं वळणही बदलतं, हे कळायला मोटारींचा वेग वाढावा लागला. वळताना टायर जिकडे रोखलेला असतो, त्याहून किंचित वेगळ्या दिशेने जातो; हवा कमी-जास्त झाली की हा फरकही बदलतो. फ्रान्सच्या ब्रुलिएने १९२५मध्ये या दोन दिशांमधला कोन मांडला. १९३०च्या दशकात जनरल मोटर्सच्या मॉरिस ओलीने त्यावरून पुढचं टोक आधी सरकतं की मागचं, याचा हिशेब बसवला.

१९६०च्या शेवरले कॉर्व्हेअरमध्ये तो हिशेब थेट ग्राहकाच्या हातात आला. इंजिन मागे, म्हणून मागचं टोक घसरायची भीती. कंपनीने पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय दाबाची हवा सांगितली, म्हणजे पुढची पकड मुद्दाम कमी केली. चारही चाकांत सारखी हवा भरली की हा तोल गेलाच! सुरक्षितता अशी हवा भरणाऱ्याच्या भरवशावर सोडणं चूकच होतं. १९६५मध्ये राल्फ नेडर यांनी पुस्तकातून त्यावर जाहीर टीका केली.

स्पर्धेत मात्र तीच युक्ती कामाची ठरते. आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनाचं वजन, ओढ आणि वळण, तिन्हींचा भार पुढच्या टायरांवर येतो. गाडी वळणात सरळच जाऊ पाहते. मग मागच्या चाकांत दोन-तीन पीएसआय वाढवतात. गरजेपेक्षा जास्त हवेनेही पकड कमी होते, म्हणून मागची पकड जरा सुटते, गाडी मोकळेपणाने वळते.

नाशिकला या विद्येशी दोन बाजूंनी नातं आहे: सातपूरला सिएटचा टायर कारखाना आहे, आणि ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’च्या गाड्या इथल्या मातीत धावल्या आहेत. इथली थंडीही हिशेबात धरावी लागते. तापमान १० अंशांनी चढलं की तीस पीएसआयच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय वाढतो. डिसेंबरात पहाटे कुडकुडत लावलेली हवा दुपारच्या फेरीला दोन-तीन पीएसआयने जास्त निघते, म्हणजे सकाळी जुळवून आणलेला दाब तेवढ्यानेच बिघडू शकतो.