तहाची वार्ता आणि मुंबईचा शेअरबाजार

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला पोहोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका निघाल्या, बॅक-बेचा समुद्र हटविण्याची कंपनी निघाली. गुंतवणूक करणाऱ्यांचा हिशेब एकच : युद्ध चालूच राहणार! ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. कत्तल थांबल्याची वार्ता जगाला आनंदाची. मुंबईच्या बाजाराला मात्र ती मरणाची ठरली. १ जुलैला वायद्यांचा भरणा आला आणि भल्याभल्या पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही पुढे कोसळला.

हा इतिहास शेठियांच्या नावांनी सांगतात. आम्ही शिरगणती उघडतो. १८६४ साली मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती; १८७२ साली ६,४४,४०५ उरली. गेलेल्यांत भराव घालणारे किती, ओझी वाहणारे किती, याची नोंद बाजाराच्या वहीत नसते.

संकटानंतर बाजार कोठे जाईल, असे विचारणाऱ्यांना आम्ही म्हणतो, भाव कशावर चढला ते आधी पाहा. दुसऱ्याच्या आपत्तीवर चढलेला भाव त्याची आपत्ती टळताच पडतो. आणि ज्याने कधी वायदा केला नाही, तोही त्याखाली सापडतो.